मागापलीकडची सासू

हॅरिसन बिलागोडीने आपल्या सासूचं तोंड कधी पाहिलं नाही. लग्न करून तो तिच्याच वस्तीवर राहायला आला, तिच्या मेंढ्या त्याने राखल्या, तिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्या मागाचे खांब रोवले. तरी ती गेली त्या दिवशीही तिचा चेहरा कसा होता हे त्याला ठाऊक नव्हतं.

यात नवल काहीच नव्हतं. जावयाने सासूकडे बघायचं नाही आणि सासूने जावयाकडे, ही अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींमधल्या जुन्या लोकांची रीत. नवाहो भाषेत सासूला शब्दच मुळी ‘जिला बघायचं नाही ती’ असा आहे. बघितलं तर डोळे जातात, असं म्हातारी माणसं सांगत. डोळ्यांचं हॅरिसनला कितपत खरं वाटायचं कोण जाणे, पण मान राखण्याची ही तऱ्हा त्याला मनापासून पटलेली होती. त्याच्या वडिलांनी ती पाळली होती. त्याच्या बरोबरीच्या पोरांनी मात्र सोडून द्यायला सुरुवात केली होती. कुणी सैन्यात जाऊन आलेला, कुणी शहरात राहून आलेला. ते सासूसमोर बसून खुशाल कॉफी प्यायचे.

सासूचं नाव यानाबाह. ब्लॅक मेसाच्या पायथ्याला, जिथे पठाराची सावली दुपारनंतर कुरणावर उतरते, तिथे तिची वस्ती होती. तिचं एक होगन, म्हणजे ओंडक्यांचं, वर माती लिंपलेलं गोल घर. शंभर पावलांवर हॅरिसन आणि त्याची बायको ल्युएला यांचं दुसरं. मध्ये मेंढ्यांचा वाडा. वस्तीवर त्याचं येणं-जाणं असलं की ल्युएला आधी ओरडायची, "आई, येतोय गं तो." मग मखमली पोलक्यावरच्या चांदीच्या बटणांची किणकिण दूर जायची, दार लागायचं, आणि हॅरिसन पुढे यायचा. तो आवाज त्याच्या इतका ओळखीचा झाला होता, की मेंढ्यांच्या घंटा वाजत असल्या तरी त्यातून त्याला तो वेगळा काढता यायचा.

बोलणं सगळं ल्युएलामार्फत.

"आई विचारतेय, माग तिरका का लागतोय?"

"माग तिरका नाही. जमीन तिरकी आहे, म्हणावं."

ल्युएला जाऊन यायची. "ती म्हणते, जमीन तिच्या लग्नाआधीपासून सरळ आहे."

हॅरिसन निमूटपणे पहार घेऊन जायचा. सासू बाहेर गेली असेल तेव्हा ज्युनिपरचा खांब उपटून पुन्हा रोवायचा. मागावर तेव्हा जे काही चढवलेलं असेल ते त्याला दिसायचं. यानाबाहच्या गालिच्यांना त्या भागात नाव होतं. भोवती काळा काठ, मधे पायऱ्यापायऱ्यांच्या चौकटी, आणि सगळे रंग मेंढीच्या अंगावरचे: काळा, करडा, तपकिरी, पांढरा. दुकानदाराला तसेच हवे असत आणि ती तसेच विणून देई. हॅरिसनला ते आवडायचे. पण शेजारच्या घोड्याची चाल आवडावी, तितपतच.

उन्हाळ्यात तो रेल्वेच्या कामाला जायचा. नवाहो माणसांच्या टोळ्याच्या टोळ्या तेव्हा रूळ टाकायला जात. एका वर्षी तर बर्फ उपसायला म्हणून सबंध हिवाळाभर त्याला लांबच्या नेब्रास्का राज्यात ठेवून घेतलं होतं. तिथूनच त्याने एक लाल लोकरी मफलर आणला होता आणि तो त्याच्या गळ्यातून क्वचितच निघायचा.

सदुसष्ट सालच्या डिसेंबरात ल्युएलाचे दिवस भरत आले. आधीचं बाळ दगावलेलं, म्हणून नर्सबाईंनी तिला लवकरच गॅनाडोच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. हॅरिसन तिला गाडीत बसवून परत आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून बर्फ पडायला लागलं.

ते बर्फ म्हाताऱ्या माणसांनीही कधी बघितलं नव्हतं. पडायचं, थांबायचं, पुन्हा पडायचं. वाड्याचं कुंपण बुडालं. रस्ता कुठे होता ते ओळखू येईना. हॅरिसन सकाळ-संध्याकाळ फावड्याने वाट काढायचा, सासूच्या दाराशी लाकडं टाकायचा आणि दारावर थाप मारून पाठ फिरवायचा. परत येईपर्यंत तिथे फडक्यात गुंडाळलेल्या गरम भाकऱ्या असायच्या. निरोप्या मात्र कुणी नव्हता. मग यानाबाहनेच तोड काढली. वस्तीवर शाश नावाचा एक काळा, अस्वलासारखा कुत्रा होता. दाराआडून ती त्याच्याशी बोलायला लागली.

"शाश, तुझ्या मालकाला म्हणावं, लाकडं ओली आहेत. डोळे गेले धुराने."

हॅरिसनने वाटेत उभं राहून कुत्र्याकडे बघितलं. कुत्र्याने त्याच्याकडे.

"शाश, म्हातारीला सांग, कोरडी लाकडं बर्फाखाली आहेत. उद्या काढतो."

"म्हातारी कुणाला म्हणतो, विचार त्याला."

हॅरिसनला हसू आलं, आणि आपण हसलो ते दाराआड ऐकू गेलं असणार म्हणून तो ओशाळला.

मग एके दिवशी दुपारी त्याच्या घराचं छत बसलं. बर्फाच्या ओझ्याने एक ओंडका मोडला, त्याबरोबर दुसरा, आणि शेगडीचं धुराडं आत कोसळलं. हॅरिसन तेव्हा वाड्यात होता म्हणून वाचला. अंथरूण-पांघरूण मातीबर्फाखाली गेलं. मिळेल ते घेऊन तो मेंढ्यांच्या गोठ्यात शिरला आणि कोकरांच्या मधे जागा करायला लागला.

थोड्या वेळाने यानाबाहचा आवाज आला. तिने दार किलकिलं केलं असावं.

"शाश, तो तिथे झोपणार आहे का?"

"शाश, तिला सांग, इथे ऊब आहे."

"त्याला सांग, सकाळी तो लाकडासारखा सापडला तर माझ्या लेकीला मी काय तोंड दाखवू? त्याला म्हणावं, थोडा वेळ थांब. मी हाक मारली की डोक्यावर घोंगडं घे आणि ये."

ती हाक मारीपर्यंत बराच वेळ गेला. तो घोंगड्याखालून जमीन बघत बघत आत गेला आणि डोक्यावरचं काढलं तेव्हा त्याने ओळखलं की म्हातारीने एकटीने काय केलं होतं. होगनच्या मधोमध, शेगडीला लागून, तिने खांबांसकट माग उपटून आणून आडवा रोवला होता. दोन्ही बाजूंनी भिंतीपर्यंत घोंगड्या टांगल्या होत्या. मागावर ताणा चढवलेला होता, पण विणलेलं असं खाली वीतभरच होतं. वरच्या मोकळ्या ताण्याला तिने पिठाच्या पिशव्या जोडून केलेली चादर बांधली होती. दाराकडची बाजू त्याची, पश्चिमेकडची तिची. तिला बाहेर जायचं असलं की ती खाकरायची. तो भिंतीकडे तोंड करून चेहऱ्यावर टोपी घ्यायचा. बटणं किणकिणत जायची, किणकिणत यायची.

पहिले एक-दोन दिवस शाशच मधे होता. पण एका खोलीत बसून कुत्र्याला किती सांगणार? तो शेगडीपाशी घोरायला लागला, तशी यानाबाह मागापलीकडून म्हणाली, "कुत्रं झोपलंय. आता कुणीतरी शेगडीत लाकूड घालावं."

"घातलं," हॅरिसन म्हणाला.

इतकंच. पण सासूशी तो बोलला तो हा पहिला शब्द. दोघांनीही नंतर एकमेकांना कधी ‘तू’ म्हटलं नाही, ‘तुम्ही’ही नाही. ‘कुणीतरी कॉफी घ्यावी.’ ‘कुणाचे तरी जोडे वाळायला ठेवलेत, ते जळताहेत.’ अशा बोलण्यात आठवडा गेला.

यानाबाहला नुसतं बसवत नसे. ती विणायला लागली. लोकर कमी पडायला लागली तसा खालच्या फटीतून लोकरीचा एक ढीग आणि दोन पिंजण्या हॅरिसनच्या बाजूला सरकून आल्या.

"कुणाला हात आहेत, ते हलवावेत."

लहानपणी आईसाठी त्याने पिंजलं होतं. चाती मांडीवर फिरवून सूत काढणं मात्र जमेना. पहिली गुंडी त्याने पलीकडे सरकवली. तिने ती चाचपून बघितली असावी.

"हे सूत आहे की मेंढी बांधायची दोरी?"

"वाईट असेल तर टाकून द्यावं."

"टाकायचं कशाला? जाड जागी जाड चालतं."

आणि खरंच, ती ते विणायला लागली. विणलेलं वर चढत गेलं की ती चादरीचा काठ तेवढाच वर बांधायची, म्हणून त्याला रोज थोडं नवीन दिसायचं. त्यांच्या विणीला पाठ-पोट नसतं. इकडून जे दिसतं तेच तिकडून. चादर आणि वीण यांच्या मधे चार बोटांची फट राहायची आणि त्या फटीत तिची बोटं यायची-जायची. सडपातळ, गाठाळलेली, अंगठ्याला जुना चिरा. बोटं सूत सोडून द्यायची, फणीचा ठोका पडायचा, मग बोटं पुन्हा. त्या बोटांना चेहरा असता तर तो कसा असता, असा विचार हॅरिसनच्या मनात येई आणि तो मुद्दाम लोकरीकडे बघायला लागे.

"त्या रेल्वेच्या मुलखात काय दिसतं?" एका दुपारी तिने विचारलं.

"काहीच दिसत नाही."

"काहीच नाही असं कसं? माणूस डोळे उघडतो तेव्हा काहीतरी दिसतंच."

मग हॅरिसनने सांगायचा प्रयत्न केला. त्याला बोलायची सवय नव्हती; कामाला लागतील तेवढेच शब्द तो वापरायचा. डोंगर नाही, खडक नाही, झाड नाही. सपाट. बर्फ पडलं की पांढरं, त्यावर आभाळ, तेही पांढरं, पण जरा मळकट. त्या दोहोंच्या मधे एक रेघ, ती नीट दिसतही नाही. मग करड्याचे पट्टे. सकाळचा करडा वेगळा, दुपारचा वेगळा. आणि पार लांब, एका बाजूला, सिग्नलचा लाल दिवा. एवढा. नखाएवढा.

"दिवसाही?"

"दिवसाही. तिकडे बघत बघत फावडं मारायचं. नाहीतर आपण आहोत की नाही तेच समजत नाही."

ठोके थांबले होते. मग यानाबाह म्हणाली, "काठ नकोच मग."

"कशाला?"

"काठ घातला की तिथे संपतं. तिथे तर संपत नाही ना."

तिने पुन्हा विणायला घेतलं तेव्हा काळा काठ जिथे यायला हवा होता तिथे तो आला नाही. करडा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला, त्यावर त्याहून फिका, मग पांढरा, हात दीड हात पांढराच. हॅरिसनच्या गाठाळ सुताने त्या पांढऱ्यात कुठे कुठे उंचवटे आले होते, वाऱ्याने बर्फावर येतात तसे. तो पिंजणी हातात धरून बघत राहिला.

"लाल नाही माझ्याकडे," ती एका सकाळी म्हणाली. "दुकानापर्यंत जायला वाट नाही."

हॅरिसनने गळ्यातला मफलर काढला आणि फटीतून सारला. पलीकडून टाके उसवल्याचा बारीक आवाज आला. मफलरमधलं लाल तिने फार थोडं वापरलं. एका कडेला, मध्यापेक्षा जरा वर, बोटाच्या पेराएवढी रेघ. उरलेल्या सुताचा तिने गोळा करून परत दिला.

"गळ्यात घालता येणार नाही आता," हॅरिसन म्हणाला.

"खिशात घालावा," ती म्हणाली, आणि त्यावर दोघंही हसली. भिंतीएवढ्या मागाच्या दोन बाजूंना बसून, मोठ्याने.

नाताळ उलटल्यावर हेलिकॉप्टर आलं, गवताचे भारे आणि डबे टाकून गेलं. मग वाट मोकळी झाली आणि नर्सबाईंच्या गाडीतून ल्युएला आली, कडेवर मुलगी घेऊन. स्वतःचं घर पडलेलं बघून ती धावतच आईच्या होगनमध्ये शिरली. तिथे तिचा नवरा लोकर पिंजत बसलेला, पलीकडे आई विणतेय, आणि मधे शाश झोपलेला.

"एवढे दिवस एका घरात राहिलात," ल्युएला बाळाला दूध पाजत म्हणाली, "मग आता पुरे करा ना ते. माझं चालून चालून पायताण झिजलं तुमचे निरोप नेऊन. सोडलंय सगळ्यांनी."

यानाबाह म्हणाली, "सगळ्यांनी सोडलं असेल."

"तुझं काय म्हणणं?" ल्युएलाने नवऱ्याला विचारलं.

हॅरिसनने जरा विचार केला. "तिला म्हणावं, माझंही तेच," तो म्हणाला आणि छत दुरुस्त करायला बाहेर पडला.

गालिचा दुकानदाराला आवडला नाही. काठ नाही, नक्षी नाही, हे अर्धवट सोडलंय की काय, असं तो म्हणाला आणि उपकार केल्यासारखा ठेवून घेतला. कुणी चित्रकार बाई तिथून पुढे तो घेऊन गेली, एवढं कानावर आलं. यानाबाहने तसा पुन्हा विणला नाही. ती पुन्हा काठांकडे आणि चौकटींकडे वळली. हॅरिसनने ल्युएलामार्फत एकदा विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "ते एकदाच दिसतं, म्हणावं." पुढे वर्षांवर वर्षं गेली. ती थकली, दवाखान्यात गेली. हॅरिसन रोज खाटेभोवतीच्या पडद्याबाहेर स्टुलावर बसायचा. नर्स म्हणायची, आत जा की. तो मान हलवायचा. पडद्यामागून कधी कधी खाकरण्याचा आवाज यायचा, तेव्हा तो सवयीने भिंतीकडे तोंड करायचा. मग एके दिवशी तो आवाज आला नाही.

त्या हिवाळ्यात जन्मलेली मुलगी, व्हर्ना, शाळेत चित्रकला शिकवायला लागली. आजीचा गालिचा सांता फेच्या एका प्रदर्शनात लागलाय हे तिनेच शोधून काढलं. आई-वडिलांना ट्रकमध्ये बसवून ती घेऊन गेली. हॅरिसनच्या गुडघ्यांनी तोवर साथ सोडली होती; त्याने काठी धरली होती आणि नवी टोपी घातली होती.

दालनाच्या दाराशी ल्युएला म्हणाली, "थांब. मी आधी बघून येते."

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा निराळा होता. "शेजारी आईचा फोटो आहे. मोठा. कुठून मिळवला कोण जाणे."

हॅरिसन जिथे होता तिथेच थांबला. व्हर्ना म्हणाली, "बाबा, ती जाऊन तीस वर्षं झाली."

"हो."

"आता बघितलं तर काय होणार आहे?"

"काहीच होणार नाही," हॅरिसन म्हणाला. "तू आत दालन सांभाळणाऱ्या बाईंना विचार ना, फोटो जरा फिरवता येईल का."

व्हर्नाने वडिलांकडे बघितलं, मग ती आत गेली. दालनातल्या बाईंनी काय ऐकलं, किती समजलं, देव जाणे. पण फोटो एका चौरंगावर उभा होता. त्यांनी स्वतः तो उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि बाजूला झाल्या.

गालिचा एकट्याने पांढऱ्या भिंतीवर होता. त्याच्यावर वरून उजेड पडला होता. हॅरिसनने तो कधी असा सबंध, लांबून पाहिला नव्हता. एक तरुण जोडपं समोर उभं होतं. मुलगी म्हणत होती, हा कालच रंगवल्यासारखा वाटतो. मुलगा म्हणत होता, त्या एवढ्याशा लालने सगळं धरून ठेवलंय. ते खोटं नव्हतं. करडा, त्यावर करडा, मग तो अफाट पांढरा, आणि डोळा फिरत फिरत शेवटी त्या पेराएवढ्या रेघेवर येऊन टेकत होता. हॅरिसनच्या हातांत फावड्याची थंडी आली.

"उलटा टांगलाय," ल्युएला त्याच्या कानाशी म्हणाली. "लाल वर हवं."

"असू दे. गालिचाच आहे, कसाही टाका."

"व्हर्नाला सांगू का?"

"नको. असाही बरा दिसतोय."

व्हर्ना जवळ येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. "हे बर्फ आहे ना, बाबा? तिकडे लिहिलंय, ब्लॅक मेसावरचं बर्फ."

"नेब्रास्का आहे," हॅरिसन म्हणाला. तिने वळून बघितलं. मग बाकावर बसून तो तिला सांगायला लागला, आणि काठी दोन्ही हातांनी धरून बराच वेळ सांगत राहिला. एवढं सलग तो त्या हिवाळ्यानंतर कधी बोलला नव्हता.

परतताना गॅलपला थांबून त्यांनी मटणाचा रस्सा आणि तळलेली भाकरी खाल्ली. व्हर्ना गाडी चालवत होती. ल्युएला मधे बसली होती. खडकांवर ऊन तांबूस झालं होतं.

"एक विचारू?" ल्युएला म्हणाली. "त्या दिवसांत कधी चोरून बघितलं नाहीस?"

"नाही."

"इतके दिवस. एक फट होती."

"फटीतून बोटं दिसायची. पुरे होती."

"आईने विचारलं होतं मला," ल्युएला म्हणाली. "मी दवाखान्यातून आले ना, त्यानंतर काही दिवसांनी. म्हणाली, तो दिसतो कसा गं?"

हॅरिसन तिच्याकडे वळला. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण तिला बघितलं नाही हे तो जन्मभर जाणून होता. तिनेही आपल्याला बघितलं नाही, आणि तिलाही कधी ते जाणून घ्यावंसं वाटलं असेल, याचा त्याने विचारच केला नव्हता.

"मग?"

"मग काय?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं खरं ते. कान मोठे, नाक बसकं, आणि हसतो तेव्हा डोळे नाहीसे होतात."

"एवढंच?"

"ती म्हणाली, हसतो ते ठाऊक आहे मला."

व्हर्नाने दोघांकडे नजर टाकली आणि गाडीचा वेग जरा कमी केला. हॅरिसनने टोपी काढून मांडीवर ठेवली. कितीतरी मैल तो तसाच, बोडक्या डोक्याने, खिडकीबाहेर बघत बसला होता.